पहिल्या गोल्फ किटमध्ये चौदा स्टिका कशाला?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नव्याने गोल्फ शिकणाऱ्यांनी काय काय खरेदी करावं, यावर आपल्या रविवार पुरवणीत लेख आला होता. गोल्फसारख्या खेळाला मराठी वर्तमानपत्रात अर्धं पान मिळालं याचा मनापासून आनंद झाला. पण त्यातली यादी वाचून राहवेना, म्हणून हे पत्र. एक ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची), दोन वुड (लांब फटक्याच्या, मोठ्या हेडच्या), तीन नंबरपासून नऊ नंबरपर्यंतच्या सगळ्या आयर्न (पातळ धातूच्या हेडच्या, नंबर मोठा तसा चेंडू उंच आणि जवळ), तीन वेज (जवळच्या उंच फटक्यांच्या) आणि पटर (चेंडू होलमध्ये ढकलायची). एकूण चौदा. ज्याने अजून चेंडूला स्टिक लावलेली नाही, त्याने ही यादी घेऊन दुकानात जाऊ नये, एवढंच मला सांगायचं आहे. आणि ते का, हे सविस्तर सांगायचं आहे.

माझं काम गोल्फच्या स्टिका दुरुस्त करण्याचं. पोरवयात येरवड्याच्या कोर्सवर बॅगा उचलल्या, मग एका जुन्या कारागिराच्या हाताखाली ग्रिप, म्हणजे मुठीवरचं रबर, बदलायला शिकलो आणि पुढे स्वतःचं टेबल टाकलं. शाफ्ट म्हणजे दांडा बसवणं, लांबी कमी-जास्त करणं, हेडचा, म्हणजे चेंडूला मारायच्या टोकाचा, कोन वाकवून देणं हे रोजचं. त्यामुळे माणूस कसा खेळतो हे मला बऱ्याचदा त्याच्या स्टिकाच सांगतात. वर्षभर खेळलेल्या नवशिक्याची पूर्ण किट टेबलावर आली की सात नंबर, नऊ नंबर आणि पिचिंग वेज यांच्या तळाला रेंजवरच्या, म्हणजे सरावाच्या मैदानावरच्या, मॅटचा हिरवा रंग चढलेला असतो, चेहऱ्यावर, म्हणजे चेंडू लागतो त्या बाजूवर, चेंडूचे ठसे असतात. तीन आणि चार नंबर मात्र दुकानातून आणल्यासारख्या कोऱ्या करकरीत. काहींच्या हेडवरचं प्लॅस्टिकही निघालेलं नसतं. आणि ड्रायव्हर? त्याच्या टोपीवर, म्हणजे हेडच्या वरच्या भागावर, पांढरे ओरखडे, म्हणजे चेंडू चेहऱ्याला लागायच्या ऐवजी वरच्या कडेला लागत होता. नामांकित कंपनीची पूर्ण किट आज लाखाच्या वर सहज जाते. त्यातला अर्धा पैसा असा न वापरता पडून राहिलेला मी नेहमी बघतो आणि मला मनापासून वाईट वाटतं. मध्यमवर्गीय घरातून या खेळात येणारा माणूस एवढा खर्च करतो, सहा महिने धडपडतो आणि ‘हा खेळ आपला नव्हे’ म्हणून सोडून देतो. खेळ त्याचाच होता, पण हातात दिलेलं सामान त्याचं नव्हतं.

चौदा हा आकडा कुठून आला तेही सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं की चौदा स्टिका असल्याच पाहिजेत. नियम उलटा आहे. चौदाच्या वर नेऊ नका, एवढंच तो सांगतो. अमेरिकेत १९३८ साली आणि ब्रिटनमध्ये पुढच्या वर्षी ही मर्यादा आली. त्याआधी काही नामवंत खेळाडू वीस-पंचवीस स्टिका बॅगेत घालून फिरायचे, आणि प्रत्येक फटक्याला वेगळी स्टिक काढली तर खेळाडूचं कसब कुठे राहिलं, असा आक्षेप होता. कमीत कमी किती असाव्यात याला नियमच नाही. एका स्टिकने अठरा होल, म्हणजे पूर्ण फेरी, खेळलात तरी कुणी हरकत घेणार नाही. स्पेनचा सेव्ह बॅलेस्टेरॉस लहानपणी पेद्रेन्याच्या समुद्रकिनाऱ्यावर भावाने दिलेल्या एकाच तीन नंबरवर शिकला. उंच मारायचा तर तीच, वाळूतून काढायचा तर तीच. वयाच्या बाविसाव्या वर्षी, १९७९ मध्ये, त्याने ब्रिटिश ओपन जिंकली. तीन नंबरवर शिका असं मी कुणाला सांगणार नाही, ती फार अवघड स्टिक आहे. पण थोड्या स्टिकांनी हात घडतो, हे मी आमच्या कॅडींच्या, म्हणजे बॅगा उचलणाऱ्यांच्या, मुलांमध्येही पाहिलं आहे.

मग घ्यायचं काय? माझ्या मते सहा पुरेत. एक पाच नंबरची वुड, साधारण अठरा अंश लॉफ्टची (लॉफ्ट म्हणजे चेहरा मागे कलण्याचा कोन, तो जास्त तर चेंडू उंच). एक हायब्रिड, म्हणजे वुड आणि आयर्न यांच्या मधली, चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपास. सात नंबर, नऊ नंबर, एक सँड वेज (वाळूतून चेंडू काढायची) आणि पटर. ड्रायव्हर नंतर. पहिले चार-सहा महिने तर सात नंबर आणि पटर यांवरच भर द्यावा, बाकीच्या हळूहळू बाहेर काढाव्यात.

ड्रायव्हरला मी मागे ठेवतो यावर दुकानदार नाराज होतात, कारण सगळ्यांचा डोळा आधी त्यावरच जातो. पण ते आधी कळस मग पाया असं होतं. सात नंबर साधारण ३७ इंचांची असते, आजचा ड्रायव्हर ४५ च्या पुढे. आठ इंच जास्त लांब दांड्याच्या टोकाला असलेलं हेड नेमकं चेंडूवर आणायचं, हे मुरलेल्या हातालाही रोज जमत नाही. त्यात लॉफ्ट जितका कमी, तितका चेंडू बाजूला जास्त वळतो. चेहरा दोन-तीन अंश उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, राहिला तर नऊ नंबरचा चेंडू ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक गवताच्या) उजव्या कडेला पडेल, पण दहा अंशांच्या ड्रायव्हरचा चेंडू झाडीत जाईल. सात नंबरचा फटका सरळ जाऊ लागला की खुशाल ड्रायव्हर घ्या, आणि तेव्हाही बारा अंशांच्या आसपासचा घ्या. नऊ अंशांचा ड्रायव्हर वेगवान हाताच्या खेळाडूसाठी असतो. टीव्हीवर बघून तो मागणारे पुष्कळ येतात.

आयर्न घेताना पाठ बघा. जिची पाठ मागून खोलगट आहे आणि धातू कडेकडेने पसरलेला आहे ती नवशिक्याची. चेंडू मधोमध लागला नाही तरी तिचं हेड हातात फारसं फिरत नाही. गुळगुळीत, सुरीसारख्या पातळ पाठीची आयर्न दिसायला देखणी असते, पण चेंडू अर्धा इंच बाजूला लागला की मनगटापर्यंत झिणझिण्या येतात आणि चेंडू वीस पावलं अलीकडे पडतो. तळ जरा रुंद असलेली घ्यावी, जमिनीत रुतत नाही.

इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, ती आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावी. स्टिकवरच्या आकड्याला ठरलेलं माप नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची सात नंबर ३४-३५ अंशांची असायची. आज नवशिक्यांसाठी म्हणून जी विकतात ती २८ ते ३० अंशांची निघते, म्हणजे जुन्या हिशेबाने जवळजवळ सहा नंबर किंवा पाच नंबर. चेंडू लांब गेला की गिऱ्हाईक खूश होतं, म्हणून कंपन्या लॉफ्ट कमी करत गेल्या. याचा परिणाम सेटच्या खालच्या टोकाला, म्हणजे वेजमध्ये, होतो. नव्या सेटमधली पिचिंग वेज ४३-४४ अंशांची आणि सँड वेज ५६ ची, मध्ये बारा अंशांची पोकळी. ऐंशी-नव्वद यार्डांवर उभं राहिलं की एक स्टिक पुढे जाते आणि दुसरी पोहोचत नाही. म्हणून सुट्या किंवा जुन्या स्टिका जमवताना आकडा बघू नका, लॉफ्ट विचारा. विकणाऱ्याला माहीत नसेल तर माझ्यासारख्या कुणाकडे कोन मोजायचं यंत्र असतं, पाच मिनिटांत मोजून मिळतं. लागोपाठच्या स्टिकांमध्ये साधारण पाच ते नऊ अंशांचं अंतर असलं की झालं, फक्त सँड वेजच्या आधी ते बरंच जास्त राहील आणि ते पुढे एका वेजने भरून काढता येतं.

लांबीच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त हट्ट धरतो. काही काळापूर्वी बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई आल्या, उंची जेमतेम पाच फूट. एका दुकानाने त्यांना पुरुषांची नेहमीच्या लांबीची, ताठ स्टीलच्या शाफ्टची किट दिली होती. त्या म्हणाल्या, चेंडू सारखा डावीकडे जातो आणि उंच उठतच नाही, सर म्हणतात तुमचा स्विंग चुकतोय. मी सात नंबर उलटी करून तळ बघितला. टाचेकडचा, म्हणजे शाफ्टच्या बाजूचा भाग घासून चंदेरी झाला होता आणि टोकाकडचा रंग जसाच्या तसा. स्टिक त्यांच्यासाठी लांब होती, त्यामुळे त्या ती धरताना टोक हवेत राहायचं, टाच जमिनीला लागायची आणि चेहरा डावीकडे बघायचा. चेंडू डावीकडे जाणार नाही तर काय! त्यांना मी बायकांच्या लांबीची हलकी ग्रॅफाइट शाफ्टची एक सात नंबर रेंजवर मारायला दिली. चेंडू उठला. त्यांच्या हातात दोष नव्हता, आणि हे त्यांना कुणीतरी सांगणं गरजेचं होतं.

घरी मोजता येतं. सपाट तळाचे बूट घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्या. साधारण ३४ ते ३६ इंच आलं तर नेहमीच्या लांबीची स्टिक चालते. दोन-तीन इंच कमी आलं तर अर्धा-एक इंच आखूड लागते, जास्त आलं तर लांब. नुसती उंची बघून भागत नाही, कारण सारख्याच उंचीच्या दोन माणसांचे हात सारखे नसतात. बायकांच्या म्हणून मिळणाऱ्या स्टिका पुरुषांच्या स्टिकांपेक्षा साधारण एक इंचाने आखूड असतात, पण पाच फूट नऊ इंच उंचीच्या मुलीने त्या घ्यायलाच हव्यात असं नाही, आणि ठेंगण्या पुरुषाने त्या घेतल्या तर त्यात कमीपणा काही नाही. मापाला बाई-पुरुष कळत नाही.

शाफ्टवर एक अक्षर असतं. एल सगळ्यात लवचिक, मग ए, आर, एस आणि एक्स, शेवटचा सगळ्यात ताठ. बहुतेक पुरुषांनी आर पासून सुरुवात करावी, साठीच्या पुढे ए बघावा. स्टीलचा शाफ्ट शंभर ग्रॅमच्या आसपास आणि वरही असतो, ग्रॅफाइटचा पन्नास ते सत्तर. खांदा किंवा कोपर दुखण्याची तक्रार असेल तर ग्रॅफाइटच घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी.

मुलांसाठी स्टिका घेणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक एका फटक्याने पदक हुकून चौथी आली, आणि त्याच ऑलिम्पिकमध्ये आपल्या पुण्याचा उदयन माने खेळला. तेव्हापासून लहान मुलं रेंजवर जास्त दिसू लागली आहेत, ही फार चांगली गोष्ट आहे. पण वडिलांची जुनी सात नंबर आणून ‘कापून द्या’ म्हणणारे रोज भेटतात. कापून लांबी कमी होते, पण शाफ्ट आणखी ताठ होतो आणि आठ वर्षांच्या मुलाला ती उचलताना संपूर्ण अंगाने झोका घ्यावा लागतो. ती लागलेली सवय पुढे जाता जात नाही. मुलांच्या हलक्या स्टिका वेगळ्या मिळतात, त्यातल्या दोन आणि एक पटर एवढंच घ्या, उंची वाढली की बदला. मूल डावखुरं असेल तर त्याला उजव्या हाताने खेळायला लावू नका. डावऱ्या स्टिका शोधाव्या लागतात, जुन्यात तर फारच कमी मिळतात, पण आपली दीक्षा डागर डावखुरीच आहे आणि तिने ऑलिम्पिकपर्यंत मजल मारली.

जुन्या स्टिका घ्यायला कुणीही लाजू नये. पुण्यात लष्करातून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांच्या घरी, मुंबईत जुन्या सभासदांकडे, नाशिकला, खारघरला चांगल्या स्टिका माळ्यावर पडून असतात. बघून घ्यायला मात्र हव्यात. स्टीलच्या शाफ्टवरून बोट फिरवा. बारीकसा खळगा जरी लागला तरी ती घेऊ नका, तिथेच ती कधीतरी मोडते आणि मोडलेलं टोक कुणालाही लागू शकतं. ग्रॅफाइटला वाकवून कानाजवळ धरा, कुरकुर ऐकू आली तर आत तडा आहे. हेड शाफ्टला जिथे जोडलेलं असतं तिथलं प्लॅस्टिकचं कडं वर सरकलेलं असेल तर गोंद सुटतोय, हे दुरुस्त होतं, त्यापोटी किंमत कमी करून मागा. ड्रायव्हरचं हेड हलवून बघा, आत काही खडखडत असेल तर सोडा. आणि नामांकित कंपनीची कोरी किट कुणी इंटरनेटवर निम्म्याहून कमी किमतीत देत असेल तर ती नकली असण्याची शक्यताच जास्त. अशा किटमधल्या एकाच नंबरच्या दोन स्टिका माझ्या काट्यावर वेगवेगळ्या वजनाच्या भरल्या आहेत. दोन चेंडू मारून बघू देत नाही त्या माणसाकडून काहीच घेऊ नका.

ग्रिप मात्र जुन्या स्टिकांवर बदलूनच घ्यावी. आपल्याकडच्या उन्हाने रबर कडक होतं, चकाकायला लागतं आणि घामाने निसटतं. मग माणूस मूठ आवळतो, आवळली की खांदे ताठ होतात आणि फटका बिघडतो. काम मोठं नाही. हुकासारख्या वाकड्या पात्याने जुनी ग्रिप लांबीला चिरायची, कारण सरळ पातं ग्रॅफाइटला कापतं. खालची चिकटपट्टी खरवडून काढायची, नवी दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावायची, ग्रिपमध्ये आणि पट्टीवर टर्पेंटाइन ओतायचं आणि एका दमात ग्रिप शेवटपर्यंत सरकवायची. मध्ये थांबलात तर तिथेच बसते. मग चेहरा समोर धरून ग्रिपवरची खूण सरळ करायची आणि निदान काही तास हात लावायचा नाही. जाडीही तपासून घ्या. उजव्या हाताने खेळणाऱ्याने डाव्या हाताने स्टिक धरली की मधल्या दोन बोटांची टोकं तळव्याच्या गादीला जेमतेम टेकली पाहिजेत. रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे, पोहोचत नसतील तर जाड आहे.

सँड वेजचा तळ मागे फुगीर असतो, त्या फुगवट्याला बाउन्स म्हणतात आणि तोही अंशांत मोजतात. परदेशी सल्ल्यात चौदा अंशांचा घ्या असं असतं, ते मऊ वाळूसाठी ठीक आहे. आपल्या इथे एप्रिल-मेमध्ये फेअरवेची, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याची, जमीन दगडासारखी होते आणि जास्त बाउन्सची वेज तिच्यावर आपटून चेंडूच्या पोटात लागते. पावसाळ्यात तीच जमीन चिखल होते. एकच वेज घेणार असाल तर दहा अंशांच्या आसपासची घ्या, बारा महिने चालते. आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत बॅग ठेवू नका. आतल्या उष्णतेने हेडचा गोंद सैल होतो. जूनमध्ये माझ्याकडे सुटलेली हेड घेऊन येणारे बहुतेक डिकीवालेच असतात.

हे सगळं एकट्या शिकाऊ माणसाने करावं असं मला वाटत नाही. रेंज आणि कोर्स चालवणाऱ्यांना आपल्या वर्तमानपत्राच्या माध्यमातून मी जाहीर विनंती करतो. रेंजवर भाड्याने ज्या स्टिका मिळतात त्या सगळ्या एकाच लांबीच्या आणि बहुतेक पुरुषांच्या, ताठ शाफ्टच्या असतात. तीन लांबीच्या आणि दोन प्रकारच्या शाफ्टच्या मिळून सात नंबरच्या सहा स्टिका एका रॅकवर ठेवल्या, त्यांच्यावर माप लिहिलं, तर येणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात कळेल की आपल्याला काय जमतं. शिकवणाऱ्या प्रोंनी पहिल्या तासाला मनगटाचं माप घ्यावं आणि ते लिहून हातात द्यावं, म्हणजे माणूस दुकानात ते दाखवू शकेल. दुकानदारांनीही सुट्या स्टिका विकायची तयारी ठेवावी. सहा स्टिकांचं गिऱ्हाईक टिकलं तर तोच पुढे उरलेल्या आठ घ्यायला येतो.

आणि ज्यांच्या माळ्यावर जुन्या किट धूळ खात आहेत त्यांनी त्या भंगारात घालू नयेत. कोर्सवर बॅगा उचलणाऱ्या मुलांना सोमवारी, जिथे त्या दिवशी सभासदांचा खेळ बंद असतो तिथे, खेळायला मिळतं, पण त्यांच्याकडे स्टिका नसतात. कॅडी मास्टरकडे नेऊन द्या. ग्रिप फाटलेली, हेड सुटलेलं, शाफ्ट गंजलेला असला तरी चालेल, मुलांसाठी असेल तर ती नीट करून द्यायचे मी पैसे घेत नाही, आणि माझ्या ओळखीचे दुसरे दोघे कारागीरही घेत नाहीत. चार, पाच नंबरच्या नकोत, त्या आमच्याकडे ढिगाने आहेत. सात नंबर, वेज आणि पटर हवे आहेत, आणि डावऱ्या असतील तर त्या आधी.

आपला नियमित वाचक,
एक गोल्फ स्टिक कारागीर,
येरवडा, पुणे